त्रुटीत पडलेली माणसं

दिघ्यात, ईश्वरनगरच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नावाला झेरॉक्स, खरं काम ऑनलाइन फॉर्म भरायचं. उत्पन्नाचा दाखला, पॅन, रेशन कार्डात नाव घालणं, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आणि गेली काही वर्षं सारखे वाढत चाललेले प्रशिक्षण योजनांचे फॉर्म. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा माझ्या तोंडी येणारा शब्द म्हणजे त्रुटी. अर्ज नामंजूर झाला तर माणूस निदान भांडतो. त्रुटीत पडला की चकरा मारतो, आज हा कागद, उद्या तो कागद, आणि एक दिवस यायचा बंद होतो.

गेल्या पावसाळ्यात दोघी जावा दुकानात आल्या. धाकटीच्या हातात भिजून मऊ झालेलं पत्रक होतं. ठाण्यातल्या एका केंद्रात रुग्णसेवेचं तीन महिन्यांचं मोफत प्रशिक्षण, नंतर हॉस्पिटलमध्ये नोकरीची हमी. अटी दोनच : वय १८ ते ३५ आणि शिक्षण किमान आठवी पास. मी दोघींची आधार कार्डं घेतली. थोरली चाळिशी ओलांडलेली दिसते, तीन मुलांची आई, थोरला मुलगा कामाला लागलेला. कागदावर ती चौतीस वर्षांची. धाकटी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कागदावर छत्तीस.

असं कसं, हे आमच्या वस्तीत कुणाला विचारावं लागत नाही. थोरली कधी शाळेत गेली नाही. आधार काढताना ऑपरेटरने वय विचारलं, बरोबरच्या माणसाने अंदाजाने सांगितलं, आणि १ जानेवारी अशी तारीख पडली. धाकटीला गावच्या शाळेत घालताना मास्तरांनी सहा वर्षं पुरी दिसावीत म्हणून १ जून लावून दिला. जूनमध्ये शाळा उघडते, म्हणून अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा. माझ्या दुकानात दिवसाला दोन-तीन तरी एक जूनवाले येतात. शाळेच्या दाखल्यावरून तीच तारीख आधारवर गेली, तिथून पॅनवर, तिथून बँकेत. आता ती बदलायची तर पुरावा तोच शाळेचा दाखला, आणि त्याच्यावर तीच चुकलेली तारीख.

थोरली वयात बसत होती, शिक्षणात नाही. धाकटी नववी शिकलेली, शिक्षणात बसत होती, वयात नाही. दोघी परत गेल्या. जाताना धाकटी काउंटरपाशी थांबली. ऐरोलीच्या एका फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना ती चार वर्षं सांभाळतेय. "ताई, मी त्यांना नळीतून जेवण घालते, डायपर बदलते, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवते. मग मला काय येत नाही म्हणून ते नको म्हणतात?"

तिचा प्रश्न मला बरोबर वाटतो. प्रशिक्षण कुणाला द्यायचं हे ठरवताना आपण नेमकं काय मोजतो? काम शिकायची गरज, काम करायची ताकद, की कागद गोळा करायची ऐपत? माझ्या काउंटरवरून मला जे दिसतं ते असं, की गरिबांसाठी म्हणून काढलेल्या प्रशिक्षण योजनांच्या अटी सगळ्यात गरीब माणसालाच आधी गाळतात, आणि गाळलेल्यांची कुठेही नोंद होत नसल्यामुळे ती अट चुकली हे कुणाला कळतच नाही.

वयाचंच घ्या. तरुण कुणाला म्हणायचं याबद्दल सरकारच्याच योजनांचं एकमत नाही. पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली तेव्हा वयाची अट होती २१ ते २४. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच वर्षी जुलैमध्ये आली, तिला १८ ते ३५. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या अल्पमुदतीच्या वर्गांना १५ ते ४५. ग्रामीण भागासाठीच्या दीनदयाळ उपाध्याय योजनेत १५ ते ३५, पण बाई किंवा दिव्यांग असेल तर ४५ पर्यंत. म्हणजे बाईचं शिक्षण आणि काम लग्न-बाळंतपणात दहा वर्षं मागे पडतं हे एका योजनेला मान्य आहे, दुसरीला नाही. आणि सरकारी आयटीआय, जिथे आमच्या आधीची पिढी शिकली, तिथे चौदा वर्षं पूर्ण असली की वरची मर्यादाच नाही. संधाता (वेल्डर), तारतंत्री (वायरमन) अशा काही व्यवसायांना दहावी नापास मुलांनाही तिथे प्रवेश आहे. जुन्या घराचा दरवाजा नव्या घरांपेक्षा रुंद निघाला. अडचण एवढीच, की आयटीआयमध्ये वर्ष-दोन वर्षं पूर्ण दिवस द्यावा लागतो, आणि ज्याच्या मजुरीवर घर चालतं त्याला तो देता येत नाही.

शिक्षणाच्या अटीचं तर मला फार वाईट वाटतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास असेल तर महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. पदवीधर मुलांना काम मिळत नाही हे खरं आहे, त्यांच्यासाठी काही असावं याबद्दल माझी तक्रार नाही. पण बारावीच्या खाली शून्य. आमच्या गल्लीत मुलं गळतात ती नववी-दहावीत. कुणाचा बाप आजारी पडला, कुणाच्या बहिणीचं लग्न आलं, कुणी दहावीला गणितात राहिला आणि पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नव्हते. ही मुलं आज रबाळे-महापे एमआयडीसीत ठेकेदाराकडे लोडिंग करतात, तुर्भ्याला मार्केटमध्ये गाळ्यावर राबतात, घरोघर पार्सलं पोचवतात. त्यांना हात धरून वर ओढणारी कुठलीही मोठी विद्यावेतनाची योजना मला अजून स्क्रीनवर दिसलेली नाही.

कागदांचं सांगते. आमच्या नाक्यावर रोज सकाळी मजुरीसाठी उभा राहणारा एक बंजारा मुलगा आहे, यवतमाळकडचा. त्याला आयटीआयमध्ये वीजतंत्री व्हायचं होतं. दहावीचे गुण बेताचे, म्हणून राखीव जागेवरच आशा. त्याच्यासाठी जातीचा दाखला हवा. विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. आजोबांचा कागद आणायचा. त्याचे आजोबा तांड्यावरून ऊसतोडीला आणि तिथून आणखी कुठे फिरत राहिलेले, शाळेचं तोंड न पाहिलेले. ज्या समाजाला आपण भटका म्हणतो त्याच्याकडे एका ठिकाणी राहत असल्याचा साठ वर्षांपूर्वीचा पुरावा मागायचा, यातली अडचण अट लिहिणाऱ्याला दिसली नसेल असं मला वाटत नाही. पण ती सोडवायचं काम त्याने त्या मुलावर टाकलं. मुलगा दोनदा गावी जाऊन आला. एका फेरीत तीन-चार दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

बांधकाम मंडळाच्या योजनांसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. १९९६ च्या कायद्यातच ती अट आहे आणि खोटे लाभार्थी टाळायला ती असावीही. पण नाक्यावरच्या माणसाचा ठेकेदार रोज बदलतो. आज घणसोलीत स्लॅब, उद्या कळव्यात प्लास्टर. नव्वद दिवसांवर सही कोण करणार? ज्याने नव्वद दिवस वेगवेगळ्या तीस ठेकेदारांकडे काम केलं तो खरा नाका कामगार, आणि नेमका तोच सिद्ध करू शकत नाही.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी कुटुंबांचं आणखी वेगळं. दिवाळीनंतर ती भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. गावासाठीच्या योजनेत नाव, पण वर्ग भरतो तेव्हा गावात नाहीत. शहरात राहतात, पण शहराचा पुरावा नाही. आपल्या योजना माणूस एका जागी राहतो असं धरून चालतात, आणि ठाणे जिल्ह्यात सगळ्यात गरीब माणूस तोच, जो वर्षातून दोनदा जागा बदलतो.

दिव्यांगांबाबत तर कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, मुख्य प्रवाहातल्या सगळ्या कौशल्य प्रशिक्षणात त्यांना सामावून घ्यायला सांगितलं, गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण ठेवलं. मी एका कर्णबधिर मुलाबरोबर एका केंद्रात गेले होते. मोबाइल दुरुस्तीचा वर्ग. मुलाची बोटं इतकी सफाईदार, की वस्तीतले लोक त्याच्याकडेच फोन उघडायला देतात. समन्वयकाने फॉर्म घेतला, वाचला आणि मला म्हणाला, "मॅडम, याला शिकवलेलं कळणार कसं?" मुलाकडे त्याने बघितलंही नाही. मुलगा मात्र त्याच्या ओठांकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्याने मला खुणेने विचारलं, नाही म्हणाले ना?

हे समन्वयक, केंद्रचालक वाईट माणसं असतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातले काही माझ्याकडेच प्रिंट काढायला येतात, त्यांची गणितं मला ठाऊक आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१६ नंतरच्या टप्प्यात केंद्राला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे : वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार परीक्षा पास झाल्यावर ५०, नोकरी लागल्यावर २०. म्हणजे जो पास होणार नाही किंवा नोकरीत टिकणार नाही असं वाटतं, तो उमेदवार घेणं हा केंद्राचा तोटा. मग केंद्र कुणाला घेईल? ज्याला थोडंफार इंग्रजी येतं, जो रोज वेळेवर येईल, ज्याच्या घरी तान्हं मूल नाही, ज्याला प्रशिक्षणाशिवायही आज ना उद्या काम मिळालंच असतं. सरकारी अटी दारात उभ्या असतात, पण आतल्या खोलीत केंद्राची एक न लिहिलेली अट असते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९८२ साली गरीब बेरोजगारांच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला, त्यातही कामगिरी नोकऱ्यांच्या आकड्यावर मोजली जायची. संस्था वरची साय काढून घेऊ लागल्या, म्हणजे ज्यांना सहज नोकरी लागेल असेच उमेदवार निवडू लागल्या. ओरड झाली, आणि १९९२ मध्ये कायदा बदलून असं केलं, की घेतलेल्यांपैकी किमान ६५ टक्के असे हवेत ज्यांना गरिबीशिवाय आणखी एक तरी अडसर आहे : शाळा सुटलेली, लिहिता-वाचता जेमतेम येणारं, दिव्यांग, बेघर, तुरुंगातून सुटलेलं. अट तिथेही होती, पण ती माणसाला बाहेर ठेवायला लिहिलेली नव्हती. संस्थेने अवघड माणूस घेतलाच पाहिजे, यासाठी लिहिलेली होती. आपल्याकडे कुठल्या केंद्राला "तुमच्या वर्गात दहावी नापास किती, पस्तिशीपुढच्या बायका किती" असं विचारून त्यावर पैसे दिले जातात? मला तर वाटतं, अशा उमेदवारामागे केंद्राला जास्त पैसे द्यावेत. त्याच्यावर मेहनत जास्त लागते, मग दर तोच का?

यावर लगेच येणारं उत्तर मला पाठ आहे : अटी सैल केल्या की बोगस लोक घुसतात. ते अगदीच खोटं नाही. लाडकी बहीण योजनेत आपण पाहिलं. २८ जून २०२४ ला शासन निर्णय निघाला, आणि आठवड्याच्या आत अटी सैल झाल्या. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल, पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. त्या आठवड्यात माझ्या दुकानापुढे रांग रस्त्यापर्यंत गेली होती. नंतर पडताळणीत अपात्र नावं निघाली, पुरुषांच्या नावानेही पैसे गेल्याचं उघड झालं. त्यावर टीका झाली ती योग्यच झाली.

पण यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, सरकारला मनापासून माणसं आत घ्यायची असली की आठवड्यात कागद कमी होतात. दुसरी, प्रशिक्षण म्हणजे खात्यात पडणारी रक्कम नाही. ज्याला गरज नाही तो तीन महिने सकाळी नऊ ते पाच, मजुरी बुडवून, प्लंबिंगच्या वर्गात उभा राहणार नाही. लबाडी होते ती बहुतेक वेळा वरच्या बाजूला होते. कौशल्य विकास योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. उमेदवारांच्या ९४ टक्क्यांहून जास्त नोंदींमध्ये बँक खात्याच्या रकान्यात शून्य, "लागू नाही" असं काहीतरी, किंवा नुसतीच मोकळी जागा. हे वाचलं तेव्हा मला त्या सगळ्या बाया आठवल्या ज्यांना मी स्वतः "खातं आधारला लिंक नाही, आधी बँकेत जा" म्हणून परत पाठवलं. गरिबाचा एक रकाना रिकामा राहिला तर तो त्रुटीत, आणि इथे लाखो रकाने रिकामे असूनही वर्ग भरले, प्रमाणपत्रं निघाली.

मग करायचं काय? नवीन शोधायची गरज नाही, वाट आपल्याकडेच आहे. २०१५ साली राज्य सरकारने शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती घ्याव्यात असा निर्णय केला. त्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा आला, दाखला ठरलेल्या मुदतीत देणं ही कार्यालयाची जबाबदारी झाली. इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मुलांना जात वैधता प्रमाणपत्र आणायला सरकार मुदत देतं, अनेकदा वाढवूनही देतं. प्रवेश आधी, कागद नंतर. हे योग्यच आहे, एका कागदापायी वर्ष जाऊ नये. मग तीन महिन्यांच्या वायरमनच्या वर्गाला येणाऱ्या नाक्यावरच्या मुलाला ही सवलत का नाही? त्याला आधी वर्गात बसवा. स्वतःच्या सहीने लिहून घ्या. तीन महिने तो रोज तुमच्यासमोर आहे, तेवढ्या काळात त्याचा दाखला काढून द्यायचं काम केंद्राने आणि तहसील कार्यालयाने मिळून करावं. खोटं निघालं तर काढून टाका.

अनुभवाला किंमत द्यायची सोयही आहे. कामातून शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं, याला आरपीएल म्हणतात, आणि त्यात वय ५९ पर्यंत चालतं. धाकट्या जावेला खरं तर तेच हवं. पण तिच्या हातात पत्रक पडलं ते दुसऱ्याच योजनेचं, आणि नाही म्हणणाऱ्या केंद्राने "ताई, तुमच्यासाठी हे आहे" असं सांगितलं नाही. नकार देणाऱ्याने पुढचं दार दाखवायचं, एवढी तरी सक्ती असावी.

स्थानिकांना प्राधान्य हवं, याबद्दल मला शंका नाही. नवी मुंबईचा विमानतळ इथल्या जमिनींवर उभा राहिला, त्याला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणूनही लोकांना झगडावं लागलं, जमिनीच्या मोबदल्यासाठीचा १९८४ चा जासईचा लढा लोकांच्या लक्षात आहे. तिथल्या नोकऱ्यांसाठी आगरी-कोळी गावांतल्या पोरांना आधी शिकवा. फक्त एक बघा. प्रकल्पग्रस्ताचा दाखला जमीन गेलेल्या खातेदाराच्या घराला मिळतो. त्याच शेतावर पिढ्यान् पिढ्या मजुरी केलेल्या घराला मिळत नाही, आणि दाखल्याच्या घरातही तो एकाच्याच कामी येतो, त्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिलेत. जमिनीबरोबर ज्यांचं काम गेलं तेही इथलेच आहेत.

रोजगार मेळाव्यांचे फलक मी वाचते. इतक्यांना प्रशिक्षण, इतक्यांना नेमणूकपत्र. दारातून परत गेले किती, हा आकडा कुठल्याच फलकावर नसतो, कारण तो कुणी लिहूनच ठेवत नाही. प्रत्येक केंद्रावर एक नोंदवही असावी : कोण आलं, कशासाठी आलं, कुठल्या अटीवर परत गेलं. सहा महिन्यांनी ती जिल्हा कौशल्य विकास केंद्राने आणि ठाणे, नवी मुंबई महापालिकांनी उघडून बघावी. ज्या अटीवर सगळ्यात जास्त माणसं परत गेली ती अट कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, हे तेव्हा विचारता येईल.

केंद्रं ठेवतील तेव्हा ठेवतील. माझ्या दुकानात मी एक दोनशे पानी वही घातली आहे. नावं नाहीत लिहीत, गल्ली आणि कारण एवढंच. पहिल्या पानावर पहिली ओळ धाकट्या जावेची आहे, कारणाच्या रकान्यात "१ जून". तिच्या खाली थोरलीची.